परग्रहवासी विचारतो, जमलात का?

चांगला पिक्चर पाहिला की माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि मग कामाला लागतो. वाईट पिक्चरचं तसं नसतं. तो आपल्याबरोबर घरी येतो आणि जायचं नाव घेत नाही. असे चार पिक्चर चार जणांनी एकत्र बसून पाहिले की त्यांचे किस्से होतात, आणि मग त्या किश्शांनाही किस्से होतात. आमच्याकडे आता अशी परिस्थिती आहे की पिक्चर कोणता होता हे कुणालाच आठवत नाही, पण त्या वेळी काकू आतून काय म्हणाल्या ते सगळ्यांना पाठ आहे.

आमच्याकडे म्हणजे बडोद्यात, कारेलीबागेत, दिघे सरांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. दर रविवारी दुपारी. विषय एकच, स्वस्तात काढलेले, जगभर ज्यांच्यावर लोक हसतात असले पडेल विज्ञानपट. यान दोरीला टांगलेलं असतं आणि दोरी यानापेक्षा स्पष्ट दिसते, तसले.

मी तिथे कसा पोचलो ते आधी सांगतो. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. सोडल्यावर मला कळलं की आपल्या समाजात वडीलधारे किती आहेत. एरवी लग्नात ओळख न दाखवणारे लोक रस्त्यात गाडी थांबवून विचारायचे, "आता पुढे काय?" त्यांना उत्तर नको असायचं. त्यांना स्वतःचा मुलगा कुठल्या कंपनीत आहे ते सांगायचं असायचं.

बाबांनी मात्र काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. जे काय असेल ते आईमार्फत. "त्याला सांग, पंखा बंद कर." मी बटणापाशीच उभा असायचो. आई माझ्याकडे बघून म्हणायची, "पंखा बंद कर." मी म्हणायचो, "त्यांना सांग, केला." आईनं कधी तक्रार केली नाही, पण एकदा भाजीला फोडणी घालताना स्वतःशीच म्हणाली, "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?"

बाबा माझ्याशी बोलत नाहीत याचं मला काही वाटत नाही, असं मी ग्रुपमध्ये सांगायचो. ग्रुप हो हो म्हणायचा. त्यांनी इतका वाईट अभिनय पाहिलाय की आणखी एक त्यांना जड नव्हता.

तर दिघे सर. यांनी मला कॉलेजात फिजिक्स शिकवलं, म्हणजे त्यांनी शिकवलं, मी झोपलो. ते रिटायर झाले, मी कॉलेज सोडलं, आणि एक दिवस भाजीवाल्यापाशी आमची गाठ पडली. मी मनात म्हटलं, आलं, "पुढे काय" आलं. सर वांगी निवडता निवडता म्हणाले, "सोडलंस ते बरं केलंस. तू झोपायचास ते बघून मागची दोन बाकं झोपायची. रविवारी दुपारी काय करतोस?"

सगळ्या बडोद्यात हा एकच माणूस निघाला ज्यानं मला पुढचं सोडून रविवारचं विचारलं. मी सहसा कुणाचे आभार मानत नाही. सरांचे मानतो.

•

पहिल्या रविवारी आम्ही तिघं गेलो. मी, पिनाकिन आणि केतकी. पिनाकिन माझा शाळेपासूनचा मित्र, गुजराती. मकरपुऱ्यात एका कारखान्यात इलेक्ट्रिकची पॅनेल जोडतो. मराठी आमच्या घरात शिकला, त्यामुळे त्याची मराठी ऐकून बाबांना अजून त्रास होतो. केतकी अलकापुरीत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दिवसभर गोड बोलते, त्यामुळे रविवारी तिच्या जवळ बसायचं नाही.

मी स्वतः लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नवरा-नवरीच्या मागे बर्फाचे डोंगर लावतो. नवऱ्याच्या कानाभोवती हिरवी कड राहते, ती पुसता पुसता माझी दुपार जाते. तेव्हा या पिक्चरांवर बोलायचा मला अधिकार आहे.

सरांकडे टीव्ही भिंतीएवढा. अडचण एकच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारी आतल्या खोलीत झोपतात आणि त्यांची झोप सावध. सरांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि म्हणाले, "आवाज कशाला हवा? मूर्खपणा डोळ्यांनी पण दिसतो."

पडद्यावर एक शास्त्रज्ञ तोंड हलवायला लागला. आवाज नाही. न राहवून मी कुजबुजत त्याच्या तोंडी वाक्य घातलं, "मिसेस जोशी, या पृथ्वीचं काही खरं नाही, दुधाची पिशवी आत घेऊन ठेवा." शेजारी बाई घाबरून काहीतरी बोलली. केतकी तिच्या वतीनं कुजबुजली, "आज दूध आलंच नाही." असा अख्खा पिक्चर आम्ही कुजबुजत डब केला. हसू आलं की उशी तोंडात कोंबायची.

तासाभरानं आतून काकूंचा आवाज आला. आम्ही गार. झोपमोड झाली, आता बोलणी बसणार.

"अरे, जरा मोठ्यानं बोला की," काकू म्हणाल्या, "मला अर्धंच ऐकू येतंय."

•

पुढच्या रविवारपासून काकू जाग्याच राहिल्या, पण टीव्हीचा आवाज कायमचा गेला. आमची कामंही ठरून गेली. बायका आणि किंकाळ्या केतकीच्या. शास्त्रज्ञ, सेनापती आणि एकूणच शहाणी माणसं माझ्याकडे, कारण शहाण्या माणसांची नक्कल मला चांगली येते, लहानपणापासून घरात पाहिलीत. यंत्रमानव आणि परग्रहवासी पिनाकिनचे.

एका पिक्चरला आम्ही 'गीझरवाला' म्हणतो. त्यात यंत्रमानव आला, आणि पिनाकिन उठून उभा राहिला. "अरे, आ तो गीझर छे!" खरंच होता. छातीच्या जागी गीझर, त्यावर तांबडा दिवा, पायात गमबूट. सर शांतपणे म्हणाले, "असेल. तिकडे थंडी असते."

यंत्रमानव नायिकेच्या अंगावर हात पसरून चालत आला. नायिका भिंतीला टेकून मान हलवायला लागली. केतकीनं तिचा आवाज दिला, "नाही! नाही! नाही!"

आता गुजरातीत आंघोळ करण्याला नाहवुं म्हणतात, आणि आंघोळ करून घ्या म्हणायचं तर 'नाही लो'. पिनाकिननं गमबूटवाल्याच्या थाटात, एका सुरात म्हटलं, "हा, तो नाही लो ने. पाणी गरम छे."

काकूंच्या हातातली चिवड्याची बशी खाली पडली. लिलो चिवडा, म्हणजे बडोद्याचा बटाट्याचा ओलसर चिवडा, सोफ्याखाली गेला तो अजून सापडतो.

•

सरांचा स्वभाव मात्र शिक्षकाचाच. चूक दिसली की हात वर जातो. "अवकाशात स्फोटाचा आवाज येत नाही." "सर, टीव्ही म्यूट आहे, कुठलाच आवाज येत नाहीये." "तरी सांगतो."

एका पिक्चरमध्ये यान डावीकडून उजवीकडे चाललं होतं, मंगळावर. पुढच्या शॉटला तेच यान उजवीकडून डावीकडे. एडिटिंग करणाऱ्यानं फिल्म उलटी जोडली असणार, मला लगेच कळलं, कारण एका वरातीत मीही घोडा असाच घरी परत पाठवला होता. पण सरांनी पिक्चर थांबवला. ते कागद घेऊन बसले आणि कक्षा काढून सांगायला लागले, की एवढ्या वेगातलं यान असं एकदम वळूच शकत नाही, इंधन किती लागेल, आतल्या माणसांचं काय होईल. बराच वेळ चाललं. कॉलेजात जे झालं तेच होणार होतं, माझे डोळे मिटत आले.

"पण मग ते परत का आलं?" शेवटी सरांनीच विचारलं.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गॅस चालू राहिला असेल."

सरांनी कागद चुरगळला. एवढं पटण्यासारखं उत्तर आपण वर्गात कधी दिलं नाही, असं म्हणाले.

•

आता तो पिक्चर, ज्याच्यामुळे पुढचं सगळं झालं. आमच्यात त्याचं नाव 'गोणपाटवाला'.

परग्रहवासी यानातून उतरतो. यान म्हणजे दोन परातींच्या कडा एकमेकींना जोडलेल्या. परग्रहवासी म्हणजे अंगावर गोणपाट, डोळ्यांच्या जागी चहाच्या गाळण्या. समोर पृथ्वीवरचा शेतकरी. मानवजातीची पहिली भेट. आणि परग्रहवासी नुसता उभा. नट वाक्य विसरलाय हे उघड आहे. शेतकरी त्याच्याकडे बघतोय, तो शेतकऱ्याकडे बघतोय. मागे एक कोंबडी येऊन जाते. दिग्दर्शक कॅमेरा बंद करत नाही.

आम्ही पिनाकिनकडे पाहिलं. त्याचंही डोकं चालेना. शेवटी समोर माणूस आला की त्याच्या घरात जे विचारतात तेच त्यानं विचारलं, त्याच्या मराठीत. "जमलात का?"

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं. आमची बडोद्याची मराठी गुजरातीच्या शेजारी इतकी वर्षं राहिली की भिंतीवरून वाटी जावी तसे शब्द इकडे येतात. घराघरांत लोक 'जमून निघतो' म्हणतात. एकदा आईनं पुण्याच्या आत्याला फोनवर सांगितलं, "पाहुणे आत्ताच जमून गेले." आत्या घाबरली. "जमले आणि लगेच गेले? अगं, काही खायला तरी दिलंस की नाही?"

आमच्या घरात मात्र हा शब्द बंद. बाबांचा त्यावर पहारा. बाबा सरकारी कचेरीत आहेत, पण खरी नोकरी मराठीची करतात. जमणं म्हणजे एकत्र येणं किंवा साधणं, खाण्याला जेवणं म्हणायचं. लहानपणी मी ताटावरून उठताना म्हणालो, "मी जमलो," की बाबा वर्तमानपत्राआडून विचारायचे, "कोणाबरोबर?" मी 'जेवलो' म्हणेपर्यंत उठायचं नाही. पिनाकिन आमच्याकडे जेवायला असला की त्यालाही तोच प्रश्न. तो बिचारा खरंच उत्तर द्यायचा, "मंदारबरोबर."

मंदार म्हणजे मी.

तर त्या दिवसापासून आमच्या सगळ्या पिक्चरांत, कुठल्याही ग्रहावरून कोणीही येवो, पृथ्वी जाळायला येवो की पाणी पळवायला, त्याचं पहिलं वाक्य एकच. "जमलात का?"

•

सरांच्या घरून आम्हाला निघावं लागलं ते केतकीच्या गळ्यामुळे.

'चेनवाला' नावाचा पिक्चर. राक्षसाच्या पाठीला चेन, आणि ती अर्धवट उघडी, आतून बनियन दिसतोय. तो नायिकेवर झेप घेतो. केतकीनं तिची किंकाळी दिली. आठवडाभर लोकांना "प्लीज बसा हं, डॉक्टर बोलावतील" म्हणणाऱ्या मुलीच्या आत काय साठत असेल, ते त्या दिवशी बाहेर आलं. खालच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनला घेऊन धावत वर आले. "शुं थयुं? कोणाला मारलं?" सरांनी दार उघडून शांतपणे पडद्याकडे बोट दाखवलं. सेक्रेटरींनी पाहिलं. राक्षस, चेन, बनियन. ते म्हणाले की ही रेसिडेन्शियल सोसायटी आहे, वृद्ध लोक राहतात, बंद करा. मग दारातच उभे राहून म्हणाले, "पण आ मरशे के नहीं?"

शेवटपर्यंत थांबले. जाताना चिवडा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नोटीस आलीच.

काकूंनी मार्ग काढला. "आपल्या मंडळाचा हॉल मागा. दुपारी रिकामाच असतो." मराठी मंडळाचा हॉल. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मंडळाच्या कमिटीत बाबा आहेत.

"मी नाही मागणार," मी म्हणालो.

"तू मागूच नकोस," केतकी म्हणाली. "तू फक्त अर्ज करायला आईला सांग."

•

कमिटीची मीटिंग म्हणजे आमच्या कुठल्याही पिक्चरपेक्षा कमी बजेटचा विज्ञानपट. भिंतीवर फोटो, खाली माणसं, हलतंय कोण ते नीट बघावं लागतं. मंडळातल्या प्रत्येकाचे पणजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते. मला नेहमी प्रश्न पडतो, इतके अधिकारी होते तर कारकुनी कोण करत होतं?

एकानं विचारलं, "यातून समाजाला काय मिळणार?" दुसऱ्याचं म्हणणं, दाखवायचाच तर चांगला पिक्चर दाखवा, मुद्दाम वाईट कशाला? तिसऱ्यांना आधी दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत हवं होतं. मी म्हणालो, "स्वागतगीत ठेवा, वाईटात भर पडेल." पिनाकिननं टेबलाखालून मला लाथ मारली.

बाबा कोपऱ्यात बसले होते. ते अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "अध्यक्ष, त्यांना विचारा, निवेदनाची भाषा कोणती असणार?"

मी समोरच होतो. मीही अध्यक्षांकडे वळलो. "अध्यक्ष, त्यांना सांगा, जी घरात बोलतात ती."

"त्यांना विचारा, कोणाच्या घरात?"

"त्यांना सांगा, ज्या घरात बोलतात त्या."

अध्यक्षांची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, तुम्ही दोघं आत्ता एकाच स्कूटरवरून आलात ना?"

आलो होतो. आईचं म्हणणं, एकाच ठिकाणी जायचंय तर दोन गाड्या कशाला. मी चालवत होतो, बाबा मागे. सिग्नलला माझं लक्ष नव्हतं तेव्हा बाबा आकाशाकडे बघून म्हणाले होते, "हिरवा झाला आहे." हे माझ्याशी बोलणं मी धरलं नाही.

हॉल मिळाला. बाबांनी विरोध केला नाही. त्यांनी काहीच केलं नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या फळ्यावर लिहून आलो, 'सर्वात वाईट विज्ञानपट, रविवारी चार वाजता.' संध्याकाळी पुन्हा तिथून गेलो तर 'सर्वात'च्या 'वा'वर लाल खडूनं अनुस्वार दिलेला होता.

•

रविवारी आम्ही 'गोणपाटवाला' लावला. आम्हाला वाटलं होतं वीस-पंचवीस लोक येतील. खुर्च्या संपल्या. वडीलधारे घरून उशा घेऊन आले. सोसायटीचे सेक्रेटरी कुटुंबासह आले. काकू पहिल्या रांगेत, आणि आमचं गुपित काही राहिलं नव्हतं, कारण त्यांनी बाजारात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं की परग्रहवासी आला की काय विचारतो.

बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. हाताची घडी. आई त्यांच्या शेजारी.

पिक्चर सुरू झाला. लोक हसायला लागले. आजोबा लोक खोकत खोकत हसत होते. मी एका डोळ्यानं पडदा बघत होतो आणि एका डोळ्यानं शेवटची रांग. घडी सुटली नव्हती.

पराती उतरल्या. गोणपाटवाला बाहेर आला. समोर शेतकरी. हॉलमध्ये सगळे तयार. आणि पिनाकिनचं तोंड उघडेना. त्याला हसण्याचा असा काही ठसका लागला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानं माइक माझ्या हातात कोंबला.

कोंबडी आली. कोंबडी गेली. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"जेवलात का?" मी म्हणालो.

पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या, "अरे, जमलात का म्हण!" मग सगळेच. "जमलात का! जमलात का!" ज्या अध्यक्षांच्या पणजोबांनी म्हणे संस्थानाचा मराठी पत्रव्यवहार सांभाळला होता ते स्वतः खुर्चीवर हात आपटत होते. ठसका आवरून पिनाकिननं माइक ओढून घेतला आणि जे म्हणायचं ते म्हटलं. टाळ्या पडल्या. मी पुन्हा मागे पाहिलं नाही.

शेवटी गोणपाटवाला मरतो. नायिकेला वाचवताना. मरताना त्याची एक गाळणी निखळते आणि आतला माणसाचा डोळा दिसतो. आम्ही इथे नेहमी काहीतरी म्हणतो, गाळणीचा जोक आहे. पण दुसऱ्या रांगेतले एक अगदी म्हातारे आजोबा, ज्यांना आमचं निम्मं ऐकूच येत नव्हतं, रुमाल काढून डोळे पुसत होते. शेजाऱ्याला म्हणाले, "एवढ्या लांबून आला होता बिचारा."

केतकीनं माइक बंद केला. मी पहिल्यांदाच तो शेवट नीट पाहिला. गोणपाट कुणीतरी हातानं शिवलं होतं, टाके दिसत होते. पैसे नव्हते, अक्कल त्याहून नव्हती, पण कुणीतरी बसून ते शिवलं होतं. त्या माणसाचंही मी देणं लागतो. दिवे लागले तेव्हा सर म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या सगळं चूक आहे," आणि नाक शिंकरलं.

दाराजवळच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

•

हॉल झाडून, खुर्च्या रचून झाल्यावर पिनाकिन आणि केतकी शेव-उसळ खायला निघाले. मला खूप ओढलं. मी नको म्हणालो. पोटात भूक होती, पण चार लोकांत बसून 'मला काही वाटत नाही' असं म्हणायची ताकद नव्हती.

घरी आलो तेव्हा पानं घेतलेली होती. पूर्वी पाट मांडायचो तिथे आता टेबल आहे; बाबा तिथे त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, वर्तमानपत्र उघडून. आई पोळ्या लाटत होती. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि सरळ माझ्या खोलीकडे निघालो. रोजचं ठरलेलं आहे. बाबांचं होतं, ते उठतात, मग मी बसतो.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि नेहमीप्रमाणे निरोप पोचवायला तोंड उघडलं.

वर्तमानपत्राआडून आवाज आला.

"जमलास?"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, आणि तिच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

मी दारातच उभा राहिलो. मला जे आधी सुचलं ते मी म्हणालो.

"कोणाबरोबर?"

वर्तमानपत्र खाली आलं नाही. फक्त एक हात त्याच्या आडून बाहेर आला आणि शेजारची खुर्ची मागे सरकली.

"आमच्याबरोबर," बाबा म्हणाले. "बस."